मेश्राम सरांचा डोंगा

मेश्राम सरांच्या हातात काहीही दिलं तरी ते आधी पालथं करून बघायचे. चहा संपला की कप, लग्नात बसण्याआधी खुर्ची, कुणी हौसेनं दाखवायला आणलेली पितळी समईसुद्धा. यजमानांना वाटायचं, गुरुजी किमतीची चिठ्ठी शोधतायत. सर शोधायचे ती करणाऱ्याची खूण. सापडली की मान डोलवायचे. नाही सापडली की म्हणायचे, "बेवारस आहे बिचारी, पण काम चांगलं आहे."

पहाडगंजजवळच्या आमच्या मराठी शाळेत ते हस्तकला शिकवत. मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेकाठच्या ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरातले. दिल्लीत पन्नास वर्षं काढून, बाहेर अस्खलित हिंदी बोलूनही त्यांच्या मराठीतलं 'काहून' काही सुटलं नाही. वर्गात त्यांचा नियम एकच होता. वस्तूच्या बुडाशी, ज्यानं ती केली त्यानं नाव लिहायचं. आईनं मदत केली असेल तर तिचंही लिहायचं, त्यात लाजायचं काहून? सातवीत असताना मी एक लाकडी पेनस्टँड घेऊन गेलो. तो माझ्या वडिलांनी दोन रविवार खपून केला होता आणि खाली नाव मात्र माझं होतं. सरांनी तो पालथा केला, नाव वाचलं आणि विचारलं, "तूच केलास?" मी म्हटलं, हो सर. मला दहापैकी नऊ गुण मिळाले.

पुढे मी सरकारी नोकरीत चिकटलो, नोएडात फ्लॅट घेतला. निवृत्तीनंतर सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले. गाडी त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे इमारतीखालची त्यांची पार्किंगची जागा रिकामीच असायची. सर सत्तरीच्या पुढे गेल्यावर एक दिवस त्या जागेत प्लायवुडचे मोठमोठे तक्ते येऊन पडले. मी विचारलं, सर, कपाट करताय का? ते म्हणाले, "डोंगा करतोय." त्यांच्याकडे होडीला डोंगा म्हणतात.

मला आधी हसू आलं. सोसायटीतल्या बहुतेकांना शेवटपर्यंत येत राहिलं. सर मात्र रोज सकाळी चष्मा दोरीनं गळ्यात अडकवून हजर. तक्त्यांना भोकं पाडून ते तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे, मग शिवणीवर रेझिन आणि काचेचं कापड बसवायचं. हे सगळं ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकले होते. काम चुकलं की पुन्हा तासायचे. पहिल्या हिवाळ्यात एक अख्खी बाजू त्यांनी उकलून काढली, कारण ती अर्धं बोट वाकडी होती. काकू पालथ्या होडीवर पापड वाळत घालायच्या आणि म्हणायच्या, "एवढं तरी उत्पन्न निघू दे हिच्यातून." सर पापडांच्या मधल्या जागेत पॉलिश पेपर घासत राहायचे.

तारा पिळता पिळता एकदा त्यांनी मला वडिलांचं सांगितलं. वडील झाडाच्या खोडातून डोंगे कोरायचे. आयुष्यात सात कोरले. सातही गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, तलावात गेले आणि सातही डोंग्यांवर मालगुजाराची खूण डागलेली होती. एकदा कुणा साहेबानं विचारलं, किती सुबक काम, कुणी केलं? मालगुजार म्हणाला, मी करवून घेतलं. वडील तिथेच वल्हं धरून उभे होते. "मी नऊ वर्षांचा होतो," सर म्हणाले. "मला वाटलं बाप बोलेल. नाही बोलला." म्हणून या डोंग्याला सरकारी नंबर हवा होता, आणि त्या कागदावर मेश्रामनं बांधला असं लिहिलेलं हवं होतं. मग डोंगा घेऊन यमुनेत जायचं, पल्ला गावाच्या बाजूला, दिल्लीत शिरायच्या आधी जिथे ती अजून नदी असते. बाकी त्यांची काही मागणी नव्हती.

तीन वर्षांनी होडी तयार झाली. तिला एक छोटी जुनी मोटर बसवली, ती मात्र नोएडातल्या एका वर्कशॉपवाल्यानं. मोटर म्हटल्यावर नोंदणी आली, आणि नोंदणी म्हटल्यावर मी पुढे सरसावलो. सदतीस वर्षं फायली हलवल्या होत्या, मला कोण अडवणार होतं? फॉर्मच्या मागच्या बाजूला 'निर्माता' असा रकाना होता आणि त्याच्यासोबत निर्मात्याचा दाखला जोडायचा होता. स्वतः बांधलेल्या होडीसाठी वेगळा मार्ग होता. निरीक्षक येणार, मापं घेणार, सामानाच्या पावत्या तपासणार. खिडकीवरचा बाबू म्हणाला, छह-आठ महीने तो मान के चलिए. मला ते फार वाटले. मी वर्कशॉपवाल्याला गाठलं आणि त्याच्या लेटरहेडवर होडी त्यानंच बांधल्याचा दाखला लिहून घेतला. रकान्यात त्याचं नाव भरलं आणि सरांपुढे फॉर्म ठेवला. पेन्सिलीनं फुल्या केलेल्या जागी त्यांनी सह्या केल्या.

जन्मभर सगळं पालथं करून पाहणाऱ्या माणसानं तो एक कागद उलटून पाहिला नाही, कारण तो मी आणला होता.

पाच आठवड्यांत प्रमाणपत्र आलं. मी पेढे घेऊन गेलो. सरांनी आधी पुढची बाजू वाचली. मालक, हरिश्चंद्र तुकाराम मेश्राम. नंबर. मग कागद उलटला. निर्मात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, "अजित, हा कोण माणूस आहे?"

मी समजावून सांगितलं, ती नुसती फॉर्मॅलिटी आहे, सगळे असंच करतात, मालक तर तुम्हीच आहात. त्यांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. "माझ्या बापाचंही फॉर्मॅलिटीतच गेलं," ते म्हणाले. मग, अगदी साध्या आवाजात, "तो पेनस्टँड तुझ्या वडिलांनी केला होता ना? मला तेव्हाच कळलं होतं. पोर आहे, स्वतःहून सांगेल, म्हणून गप्प बसलो. चूक माझी झाली. तेव्हाच पुन्हा विचारायला पाहिजे होतं."

साठीला आलेला माणूस मी, मला सातवीतल्या पोरासारखी खाली मान घालावी लागली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुरुस्ती होण्यासारखी होती. पण खोटा दाखला फाइलीत कसा आला, हे कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं होतं. वर्कशॉपवाल्यानं हात वर केले: साहब, मैंने तो आपके कहने पे लिखा था, आप लिख के दे दो. मी लिहून द्यायचं म्हणजे सरकारी नोकरानं खोटा कागद जोडला हे कबूल करायचं, आणि माझी निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. खात्यात चौकशी लागली असती तर पेन्शन लटकलं असतं. मी सरांना म्हटलं, तुम्हीच लिहा ना अर्जात, काय झालं ते. माझं नाव घालून लिहिलं असतं तरी मला एक वेळ चाललं असतं, असं मी आज म्हणतो. तेव्हा चाललं असतं की नाही, देव जाणे.

"मी नाही लिहिणार," सर म्हणाले. "ज्यानं केलं त्यानं लिहावं."

मी म्हटलं, मग चार महिने थांबा सर, रिटायर झालो की दुसऱ्या दिवशी लिहून देतो. तोवर होडी पाण्यात तर घाला, नंबर आहेच. ते नको म्हणाले. तो नंबर खोट्यावर उभा आहे, तो लावून पाण्यात जायचं नाही. "तू पेन्शन सांभाळ. डोंगा काही कुठं पळत नाही." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला तो टोमणा असता तरी हवा होता. रोज ऑफिसला जाताना मी पार्किंगमधून, त्या पालथ्या होडीवरून नजर फिरवत निघून जायचो. सर दिसले की हात हलवायचे. विचारलं मात्र एकदाही नाही.

माझ्या निवृत्तीला सोळा दिवस उरले होते तेव्हा सर गेले. सकाळी बसल्या जागी, चहाचा कप हातात. हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले.

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र लिहिलं, दिल्या शब्दाप्रमाणे. माझं कुणी काही वाकडं केलं नाही. एक ताकीदपत्र आलं, बस. त्याच्यासाठी मी चार महिने घाबरत होतो. निरीक्षक आला, मापं घेतली, सरांनी ओळीनं लावून ठेवलेल्या पावत्या बघितल्या. शिवणीवरून हात फिरवून तो म्हणाला, बनाने वाले को बुलाइए, दो-चार बात पूछनी है. काकू दारात उभ्या होत्या. सांगावं मलाच लागलं.

नवं प्रमाणपत्र आलं. मालक म्हणून काकूंचं नाव, आणि मागे निर्मात्याच्या रकान्यात सरांचं, त्यापुढे 'स्वर्गीय'. काकूंनी ते पुढून-मागून नीट वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "चल, एकदा पाण्यात घालून येऊ. त्यांचा जीव होता त्यात."

टेम्पोत घालून आम्ही ती पल्ल्याला नेली. काकू काठावरच बसल्या, सरांशिवाय नको म्हणाल्या. एका नावाड्यानं ढकलायला हात दिला आणि विचारलं, किस कंपनी की है? मी सरांचं पूर्ण नाव सांगितलं, ते माझे गुरुजी होते हेही सांगितलं. मग मोटर न लावता, नुसत्या वल्ह्यानं, मी एकटाच थोडा आत गेलो. होडी जरासुद्धा कलली नाही. मधेच थांबून मी खाली वाकलो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळ चाचपून पाहिला. कुठून तरी पाणी आत येत असेल अशी मला आशा होती. निदान मग म्हणता आलं असतं, चार महिने थांबलो ते बरं झालं.

तळ कोरडा होता.