चाकोरीतले धोंडे

उरणच्या मिठागरांपासून बंदरावर जाणाऱ्या रस्त्याचा एक मैल देखभालीसाठी शिवदासकडे होता. लोकल बोर्डाचा साधा नोकर, हातात फावडं, डोक्याला फडकं. पण रुबाब असा, की रस्ता जणू त्याच्या बापानेच बांधलाय. माझी आत्या नीराबाई त्याच रस्त्यावर मिठाची बैलगाडी हाकायची. नवरा गेल्यावर गाडी तिने स्वतःच्या हाती घेतली होती. शिवदासचं नाव काढलं की ती नाक मुरडायची.

गाडीत दहा गोणी, असा नियम. गाडीवाले बारा भरायचे. शिवदास प्रत्येक गाडी थांबवून मोजायचा आणि वरच्या दोन उतरवायला लावायचा. "दोन गोनी जास्ती भरून तुमची खेप वाचते," तो म्हणायचा, "पन माजी चार पाट्या खडी पिठावानी होते. ती कोन देनार, तुमचा शेठ?" शेठ कसला देतो!

बैलांना एक खोड असते. काल ज्या चाकोरीतून गेले तीच आज धरतात, आणि चाकांच्या लोखंडी धावा तेवढीच जागा कापत राहतात. म्हणून शिवदास चाकोरीत मोठे धोंडे ठेवायचा, म्हणजे गाड्या वीतभर बाजूने जायच्या. दुसऱ्या सकाळी धोंडे पुन्हा सरकवायचा. असा अख्खा रस्ता सारखा झिजायचा.

एकदा त्याने आत्याची गाडी अडवली.

"धाच हाईत. मोज," आत्या म्हणाली.

दहाच होत्या. शिवदासने वाकून चाकाची खूण पाहिली, गोणीला हात लावला. मीठ ओलं होतं. एकटी बाई म्हणून तिच्या वाट्याला ढिगाच्या तळाचं मीठ यायचं, आणि दहा गोणी बाराच्या वजनाला जायच्या.

"दोन उतरव," तो म्हणाला. आत्या चिडली, मग रडकुंडीला आली. तेव्हा या गृहस्थाने त्या दोन गोणी एकेक करून स्वतःच्या पाठीवरून बंदरावर पोचवल्या. पुढे मीठ ओलं असेल त्या दिवशी नेतच राहिला. लोक बोलले. बोलेनात का.

चैत्रात त्याला हिवतापाने आडवं केलं. पंधरवड्याने बोर्डाचा ओव्हरसियर मैल तपासायला येणार होता. चाकोऱ्या पडलेल्या दिसल्या तर नोकरी दुसऱ्याला जाणार, हे ठरलेलं. शिवदास तापात धोंड्यांचंच बरळायचा.

तपासणीच्या दिवशी तो घोंगडी पांघरून, काठी टेकत रस्त्यावर आला. नोकरीवर त्याने मनातून पाणी सोडलंच होतं. ओव्हरसियर म्हणाला, "रस्ता ठीक आहे," आणि पुढे गेला. शिवदास बघतच राहिला. कुठेही चाकोरी नव्हती. धोंडेही त्याने ठेवले होते तिथे नव्हते.

इतक्यात आत्याची गाडी आली. त्याने सवयीने गोणी मोजल्या. आठ. पंधरा दिवस ती गाडी जुंपण्याआधी धोंडे सरकवत होती, आणि त्याचा मैल कापला जाऊ नये म्हणून आठच गोणी भरून जास्तीच्या खेपा मारत होती.

"मीठ सुकलंय की," शिवदास म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आता धा घे."

"घेन. तू आदी नीट उबा ऱ्हा."

तो धोंडा सरकवायला वाकला, पण धोंडा हलेना. आत्या गाडीवरून उतरली आणि तिने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून धोंडा वीतभर सरकवला.