अरबाची तबकडी
कुठं लोबान जळाला की निजामाच्या वेळची लोहारा गावाकडची ती गढी आठवते. पहाऱ्यावरच्या, कायम लोबान जाळणाऱ्या म्हाताऱ्या अरबाकडं त्याच्या मुलखातल्या गाण्यांच्या तबकड्या होत्या आणि जहागीरदाराच्या घरच्या लग्नात माझ्या बहिणीनं त्यांवर नाचायचं होतं. दुपारभर आम्ही ग्रामोफोन ऐकत होतो. मी ढोलकीवर ठेका शोधायचा आणि सुजलेले पाय चोळत तिनं "ह्ये न्हाय" म्हणायचं. अखेर एका तबकडीवर हात बसला. ती उठली, तर अरबाचे डोळे भरले. "बेटी, ये लडकी की रुखसती का गाना है. मेरी लडकी उधरइच रह गई." त्या पाठवणीच्या गाण्यावर ती एकदाच, त्याच्यापुरती नाचली. मालकांना मात्र म्हणाली, "यातली एकबी जमत न्हाय, सरकार." लग्नाचं काम गेलं. आम्ही उन्हातून चालत घरी आलो. आता ती नाही आणि ढोलकी उचलायचं बळ माझ्यातही उरलेलं नाही.