दोराच्या आतली मी

"तू जा आत. तुह्या हाताले घाणीची सवय हाये."

आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या सिस्टरबाई सगळ्या वर्गासमोर मला म्हणाल्या. मुली हसल्या.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. भंडारा जिल्ह्यात कॉलरा पसरला होता. व्हरांड्यातही खाटा लागल्या. संसर्ग नको म्हणून बाईंनी वॉर्डाच्या दारात दोर बांधला. अकरा मुलींनी दोराबाहेर उभं राहून शिकायचं. आत एकटी मी. बौद्धाची पोर.

एकोडी गावची एक म्हातारी होती, डोळे खोल गेलेले, पायात पेटके. मी तोवर कुणाला सुई टोचली नव्हती. बाई लांबून ओरडत होत्या, "नस पाह्य! वर टोच!" दोनदा चुकले. म्हातारी विव्हळत होती. तरी बाई दोर ओलांडून आल्या नाहीत. तिसऱ्यांदा नस सापडली, सलाईन सुरू झालं. अकरा जणींनी वहीत लिहून घेतलं.

ओकाऱ्या, जुलाब मीच उपसले. दर वेळी जंतुनाशक लोशनात हात धुतले. त्या घाणीची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती व्हरांड्यातल्या माठाची. त्याला हात लावायची मला बंदी. नातेवाईक मात्र रोग्याचे घाण कपडे धुऊन यायचे आणि त्याच हातानं गिलास माठात बुडवायचे. चांगल्या घरचे ना! मुलीही तेच पाणी प्यायच्या.

मी म्हटलं, "बाई, पाणी उकळून ठेवा. त्यात कोणाले गिलास बुडवू देऊ नका."

"तू मले शिकवून राहिली का?"

आठवड्याभरात चार मुली कॉलऱ्यानं खाटेला लागल्या. बाईंनी मला दारात बोलावलं.

"तूच लपून माठाले हात लावला असशीन."

पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मले तर तुम्ही लावूच देल्ला नाही, बाई. ज्यायनं लावला, ते सारे तुमचेच होते."

"माफी माग. नाही तर नाव काढून टाकतो तुहं."

नाव गेलं की शिक्षण गेलं. पुन्हा दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला वाकायचं. सगळं कळत होतं.

"काढा," मी म्हटलं.

माठ दोन्ही हातांनी उचलला. सगळ्यांसमोर. नालीत रिकामा केला आणि स्टोव्हवर ताजं पाणी उकळत ठेवलं. मुलींकडे वळून म्हणाले, "आता पाळी लावा. हात धुवा अन् एकेक जण आत या."

कुणी हललं नाही. बाई माफीचंच धरून बसल्या.

मी मागितली नाही. नाव गेलं. मरेपर्यंत मागणार नाही.