बारदान वजा जाता

आमच्या ऑफिसात सकाळी टेबल कितीही पुसा, दुपारच्या चहापर्यंत त्यावर सुताचे बारीक तंतू पुन्हा येऊन बसतात. कुठून येतात कळत नाही. किस्स्यांचंही तसंच. एक सांगून झटकावा, तर दुसरा येऊन बसलेला! गेल्या वर्षात इतके साठलेत की आता लिहून मोकळं व्हावं म्हणते. सगळे सरूताईंच्या वजनाचे आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. म्हणजे मी विचारलं, तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या. मी तो होकार धरला आणि तेव्हापासून छातीत धडधडतंय.

आमचं ऑफिस म्हणजे सोलापुरातली विणकरांची एक सोसायटी. विणकर इथून सूत तोलून नेतात आणि चादरी विणून आणून देतात. सरूताई हेडक्लार्क, माहेर जेऊरचं, वय पन्नाशीला टेकलेलं. अण्णा कुलकर्णी अकौंटंट. गोदामातल्या मोठ्या काट्यावर नरसय्या; घरी तेलुगू, इथं मराठी, आणि तीस वर्षं हातात तोच काटा. आणि मी उषा, बी. ए. होऊन नुकतीच लागलेली ज्युनियर क्लार्क. फोन वाजला तरी दचकते. सरूताई म्हणतात, "हिला कॉलेजात बाकी काय शिकवलं ठाऊक नाही, पण भ्यायचं पक्कं शिकवलंय!"

*

सुरुवात झाली एका हळदीकुंकवापासून. सरूताई सतरंजीवर बसल्या त्या बसल्याच. उठवायला दोन बायका आणि एक खांब लागला! आणि समोर नेमक्या होणाऱ्या विहीणबाई, माळशिरसच्या. लेकीचं, शैलाचं, लग्न ठरून आठवडाही झाला नव्हता. विहीणबाई मायेनंच म्हणाल्या, "कन्यादानाला खुर्ची ठिवू की! त्यात काय हाय!"

दुसऱ्या दिवशी सरूताई ऑफिसात आल्या त्या पेटूनच. चिडल्या की त्यांची बोली थेट जेऊर गाठते.

"लेकीचं कन्यादान खुर्चीत बसून? मी काय सभेची अध्यक्ष हाय? पाटावर मांडी घालून बसणार, आन् कुणाचा हात न धरता उठणार. न्हाई उठले तर बघा!"

लग्नाला सात महिने होते. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले. म्हणाले, "गुडघे बिचारे चांगले आहेत. वरचं ओझं उतरवा. दहा किलो तरी." दवाखान्यातला काटा बिघडलेला होता, म्हणून त्यांनीच सुचवलं, "तुमच्याकडे रोज सूत तोलतात ना? दर सोमवारी तिथंच करा. त्याहून चोख काटा कुठला!"

*

नरसय्याची पद्धत अशी की वजन मोठ्यानं ओरडून सांगायचं, म्हणजे पलीकडच्या क्लार्कला वहीत लिहिता येतं. तीस वर्षांची सवय! पहिल्या सोमवारी सरूताई काट्यावर चढल्या आणि गोदामभर आवाज घुमला, "ऐंशी किलोऽऽ! बारदानासकट!"

बारदान म्हणजे सुताभोवतीचं पोतं. त्याचं वजन वजा करून निव्वळ सूत लिहायचं, हा आमच्याकडचा नियम. रांगेतले विणकर खो खो हसले. मला वाटलं, आता नरसय्याचं काही खरं नाही. पण सरूताई गुपचूप उतरल्या, चपला पायात सरकवल्या आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

नरसय्या माझ्याकडे बघत राहिला. "मी काय केलं, उषम्मा?"

"ओरडलात की!"

पुढच्या सोमवारपासून तो त्यांचं वजन माझ्या कानात सांगायला लागला. कानाच्या इतक्या जवळ येऊन, की मी दर सोमवारी दचकून शाई सांडायचे.

*

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दुपारी एक भाकरी.' सरूताईंनी इमानानं एकच आणली. डबा उघडला तर चार घड्या घातलेली! उलगडली तर ताटाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. अण्णांनी फूटपट्टी लावली.

"पंधरा इंच, सरूताई!"

"एकच हाय की!"

डॉक्टरांनी चिठ्ठी दुरुस्त केली. 'एक भाकरी, बशीएवढी.' दुसऱ्या दिवशी डब्यातून अगदी बशीएवढी भाकरी निघाली. अण्णांनी या वेळी फूटपट्टी उभी धरली.

"सव्वा इंच!"

तिसऱ्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी चित्रच काढून दिलं.

*

मग सरूताईंना वाटलं, उपासानं काम लवकर होईल. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, गुरुवारी शेंगदाण्याचे लाडू, शनिवारी रताळ्याचा कीस, वर तूप. महिन्यात दीड किलो वाढलं!

डॉक्टर हात जोडून म्हणाले, "बाई, देवाची क्षमा मी मागतो. तुम्ही जेवायला लागा."

*

सगळ्यात अवघड काय, तर शेंगाचटणी. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची! तीन वर्षांपूर्वी दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या, त्यासुद्धा या चटणीच्या जोरावर. डॉक्टर मात्र म्हणाले, तेल नको, शेंगा नकोत, चटणी तर नकोच.

आम्ही ठरवलं, सरूताईंना सोबत करायची. ऑफिसात कुणीच चटणी आणायची नाही. अण्णांनी शपथ घातली. पहिले चार दिवस सगळे काकडी आणि मेथीची भाजी खात होतो, एकमेकांकडे न बघता.

पाचव्या दिवशी माझ्या आईनं न विचारताच डब्यात चटणी घातली. फेकवेना. खावी तर कुठं? मी डबा पदराखाली घेऊन गोदामात गेले, सुताच्या गठ्ठ्यांमागे. तिथं अण्णा! तोंड भरलेलं, त्यामुळे बोलता येईना. मी किंचाळणार इतक्यात मागून नरसय्या आला, हातात कागदाची पुडी. तिघं एकमेकांकडे बघत उभे.

तेवढ्यात आणखी आतल्या गठ्ठ्यावरून आवाज आला, "या, या. दही कुणी आणलंय का?"

माझा डबा हातातून पडला! सरूताई तिथं आमच्याही आधीपासून बसलेल्या होत्या.

सगळे हसलो. मग सरूताईंनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "शैला काल म्हणाली, आई, खुर्ची ठेवू या, मला काही वाटणार नाही. तिला काही वाटणार न्हाई गं. मला वाटंल." आणि उठायला हात पुढं केला. अण्णांनी एक धरला, नरसय्यानं दुसरा.

त्या दिवसापासून मात्र त्यांनी चटणी खरोखरच सोडली. ताक, भाजी, आमटी आणि चित्राबरहुकूम भाकरी. आम्ही दोन दिवस सोडली.

*

सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायची असं ठरलं, आणि सोबतीला मला नेमलं. "कुत्रं आलं तर तू आधी ओरडशील, मला सावध व्हायला बरं," हे कारण!

पहिल्याच दिवशी मागून टापा वाजायला लागल्या. मी कठड्याला चिकटले. बघते तर बाबूभाईचा टांगा. सरूताई वर्षानुवर्षं त्याच्याच टांग्यातून हिंडायच्या. तो कासावीस झालेला.

"बाई, मेरी क्या चूक हुई? बोलो तो सही! पैदल कायकू?"

"चूक नाही रे बाबा. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याला पटेना. बाई रुसल्या असंच त्याच्या मनात. आठवडाभर तो रिकामा टांगा घेऊन आमच्याबरोबर पावलापावलानं चालत राहिला. बाजाराजवळ आलो की सरूताई का कोण जाणे, पाय उचलायच्या. एका सकाळी कळलं का ते. घोडा भजीवाल्यापाशी आपोआप उभा राहिला. हाकलला तर चार दुकानं पुढं जाऊन मिठाईवाल्यापाशी उभा राहिला. आणि आतून हाक आली, "आलोऽ बाई! नेहमीचं बांधतो!"

सरूताईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "घोडं फार लबाड आहे," एवढंच म्हणाल्या.

*

बसण्याउठण्याची तालीम गोदामात चालायची. रिकाम्या पोत्यांच्या घड्या करून नरसय्यानं गुडघ्याएवढी चवड रचली. जेवणानंतर सरूताई त्यावर बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या. जमलं की पुढच्या आठवड्यात एक पोतं काढायचं. जमलं नाही तर तेच पोतं आणखी आठ दिवस. विणकर आता हसत नसत. सूत न्यायला आलेले थांबून बघायचे, आणि त्या उठल्या की म्हणायचे, "जमलं की, बाई!"

चवड खाली येत गेली आणि माझ्या वहीतला आकडाही. अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तर. बहात्तर. दर सोमवारी सरूताई विचारायच्या, "किती?" आणि मी सांगितलं की आरशासमोर उभं राहिल्यागत पदर सारखा करायच्या.

लग्नाआधीच्या सोमवारी सत्तर!

मला इतका आनंद झाला की मी स्वतःच काट्यावर चढले. माझं वजन कायम बेचाळीस. नरसय्यानं काटा बघितला आणि सवयीनं म्हणाला, "एकोणचाळीस."

खाणं-पिणं काही कमी झालं नव्हतं, मग तीन किलो गेलं कुठं? मला नक्की काहीतरी झालं होतं! दोन दिवस मी खोकून बघत होते. खोकला येत नव्हता, तरी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायला रजेचा अर्ज लिहिला, तर अण्णा म्हणाले, "आधी परत वजन तर कर." मी स्वतः काटा बघितला. बेचाळीस!

"नरसय्या, सोमवारी एकोणचाळीस कसं सांगितलंत?"

"बारदान वजा केलं ना, उषम्मा."

"माझं कसलं बारदान?"

"साडी. बांगड्या." तो जमिनीकडे बघायला लागला. "तुमचं चुकून झालं. सरूअक्काचं झालं की लगेच तुम्ही चढला. डोक्यात तीच वजाबाकी राहिली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या सोमवारी सरूताई पदर तोंडाला लावून गेल्या, ते त्याला बघवलं नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यानं साडीचं म्हणून अर्धा किलो वजा केलं. मग एखाद्या सोमवारी आकडा हलला नाही, तर आणखी थोडं. आता ते तीन किलो झालं होतं!

"म्हणजे खरं त्र्याहत्तर?"

"खरं त्र्याहत्तर. सात उतरले ना पण! सात थोडे हायेत व्हय?"

लग्न चार दिवसांवर. सांगावं तर त्यांचा धीर सुटणार. न सांगावं तर त्या सत्तरच्या भरवशावर पाटावर बसणार आणि माळशिरसच्या सगळ्या पाहुण्यांसमोर... मी तीनदा त्यांच्या टेबलापाशी गेले. तिन्ही वेळा टाचणी मागून परत आले.

*

लग्न. आम्ही ऑफिसवाले पुढच्याच सतरंजीवर. नरसय्या इस्त्रीच्या सदऱ्यात. विहीणबाईंनी एक खुर्ची गुपचूप खांबाआड आणून ठेवलेली मला दिसली.

सरूताई पाटावर बसल्या. मांडी घालून, नीट. शेजारच्या पाटावर त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. हडकुळे, वाऱ्यानं उडतील असे. विधी चालूच. मी अक्षता मुठीत इतक्या घट्ट धरल्या होत्या की हळद हाताला लागली. कन्यादान झालं. शैला रडली, सरूताई रडल्या. भटजी म्हणाले, "आता उठा."

नरसय्यानं डोळे मिटले.

सरूताईंनी एक श्वास घेतला. गुडघा वर, अंग पुढं, आणि उठल्या! हात कशालाच लागला नाही. पार सरळ उभ्या! अण्णांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "जमलं की!"

मास्तर मात्र अजून पाटावरच. त्यांनी खालून हात वर केला.

"सरू, हात दे गं जरा. दोन्ही पायांना मुंग्या आल्यात!"

खांबाआडची खुर्ची शेवटी मास्तरांना लागली.

*

पुढच्या सोमवारी सरूताई लग्नाचे बुंदीचे लाडू घेऊन आल्या. सगळ्यांना एकेक दिला, स्वतः अर्धा मोडून खाल्ला, आणि उरलेला अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाल्या, "चला, सोमवार हाय."

गोदामात सूत न्यायला आलेल्यांची रांग होती. मी वही उघडली. सरूताईंनी चपला काढल्या आणि काट्यावर चढल्या. नरसय्यानं काटा बघितला, आणि नेहमीसारखा माझ्या कानाशी यायला वाकला.

"नरसय्या," सरूताई समोर भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "लग्न पार पडलं. आता माझं बारदान वजा करायचं सोडा."

शाई सांडली.

"आन् ओरडा की मोठ्यानं!"