सत्तावीस नंबरची वायर

भूतबीत मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. भिलाईतल्या कॅम्प-वनच्या आमच्या घरी कुणाला नजर लागली की आई मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकते आणि मी खोकत अंगणात जाते... या विषयाशी माझा एवढाच संबंध. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या बाईने करंटला घाबरावं, बाकी कशाला नाही, असं मी ऐटीत सांगायचे. तरी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. फक्त खाली प्रतिक्रियेत "मनाचे खेळ" एवढं लिहून मोकळे होऊ नका. ते मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगून पाहिलं आहे.

पाच वर्षं झाली. भिलाईतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नुकतीच लागले होते. जुन्या मिलची, पंपहाऊसची इलेक्ट्रिक पॅनल दुरुस्त करणं हे आमचं काम. डिप्लोमा असूनही मला ड्रॉइंग धड वाचता येत नव्हतं. चिन्हं सगळी पाठ, पण करंट कुठून कुठे जातो म्हटलं की बोंब. शिकवलं ते धोटेकाकांनी. स्टील प्लांटमधून रिटायर होऊन आमच्याकडे आलेले, मूळचे आमच्यासारखेच गोंदियाकडचे, राहायला दुर्गला बोरसीत. इतरांशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी मराठीत, आणि माझं चुकलं की दोन्हींत.

"ड्रॉइंगमंदी पॅनल नेहमी मेलेलं दाखवतेत," ते म्हणायचे. "करंट नसताना सारं कसं असते, तेवढंच कागदावर. जित्तं कराचं ते तुले डोक्यात कराचं हाय, बेटा."

त्या उन्हाळ्यात दुर्गबाहेरच्या एका राइस मिलचं काम आलं. पॅनल फार जुनं आणि त्याचं ड्रॉइंग कुणापाशीच नाही. एकेक वायर शोधून नवीन बनवायचं होतं. काकांची पद्धत ठरलेली. मेन स्विच बंद करून ते मीटर घेऊन पॅनलपाशी बसायचे. वायरीची दोन्ही टोकं जुळली की मीटर पिप् वाजतो. मग ते नंबर ओरडणार, मी पेन्सिलीने रेघ ओढून नंबर परत वाचणार, आणि ते "हो" म्हणाले की त्या रेघेवर लाल टिक. टिक नाही ती वायर नाही. पहिल्याच महिन्यात मी एक वायर "असेलच" म्हणून अंदाजाने काढली होती, आणि सगळ्या वर्कशॉपसमोर शिव्या खाल्ल्या होत्या.

दोन दिवसांत काम संपलं. सव्वीस टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायच्या सव्वीस जागा, सव्वीस नंबर, सगळ्यांवर टिक. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी घरी फेअर कॉपी करायला बसले... आणि कच्च्या कागदाच्या उजव्या कडेला एक रेघ दिसली. चौकटीच्या बाहेरून आत आलेली आणि मधेच थांबलेली, कुठल्याच टर्मिनलला न जोडलेली. नंबर 27. अक्षर माझंच. सातला मधे आडवी दांडी द्यायची माझी सवय आहे, ती दांडीसुद्धा होती. टिक नव्हती.

मी काकांना फोन लावला. "काका, आपण सत्तावीस नंबर ट्रेस केला होता का?"

"सत्तावीस? सव्वीसवरच संपलं ना वं. टर्मिनलच तितके हायेत. काऊन?"

"कागदावर दिसून राहिला."

"टिक हाय काय?"

"नाही."

"मंग खोड ना! काय पोरगी हाय, अजून अंदाज मारून राहिली," म्हणून ते हसले.

मी खोडलं. शाईने फेअर केलं, सव्वीसपर्यंत मोजून. चहा घेऊन परत आले तर फेअर कागदावर तीच रेघ. तीच जागा, तोच नंबर, आणि आता शाईत. घरात मी आणि आई दोघीच, आणि आई बाहेर पापड वाळत घालत होती. मला भीती नाही वाटली, राग आला. स्वतःचाच. ब्लेडने ती रेघ खरवडून काढली. दुसऱ्यांदा फोन केला नाही. काका परत हसतील, उद्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगतील... लाज वाटली मला. बस, एवढ्यासाठी केला नाही.

मंगळवारी काका ते ड्रॉइंग घेऊन मिलवर गेले. अकराच्या सुमारास आमच्या वर्कशॉपच्या मालकांना फोन आला. मालक आणि मी पोचेपर्यंत काकांना दवाखान्यात नेलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी मेन बंद केला होता. सव्वीसच्या सव्वीस टर्मिनलला टेस्टर लावून पाहिला होता, हे तिथल्या फिटरने पाहिलं. मग नवीन पार्ट बसवायला आतली लोखंडी प्लेट सोडवली आणि मागे हात घातला. तिथे एक जुनी वायर होती. शेजारच्या शेडच्या लाइट-बोर्डावरून आलेली, कधीतरी कुणीतरी कापून तशीच मागे खोचून दिलेली, टोकाची टेप गळून पडलेली. कुठेच जोडलेली नाही म्हणून आमच्या मीटरला ती सापडलीच नव्हती. मेन बंद असला तरी ती चालूच होती. मी वाकून पाहिलं. टोकाजवळ नंबर छापलेली, पिवळी पडलेली प्लास्टिकची नळी होती. 27.

प्लेट आम्ही आधी कधी सोडवलीच नव्हती. तो नंबर मी पाहिलेला असणं शक्य नाही. मग तो माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, दोनदा कसा उतरला? मला माहीत नाही. आजही नाही. आणि जे कुणी सांगत होतं, त्याने काकांना न सांगता मलाच का सांगितलं, हेही नाही.

मिलवाल्यांनी इलेक्ट्रिशियनचा निष्काळजीपणा म्हणून लिहून दिलं. पुरावा म्हणून सत्तावीस नंबर नसलेलं माझं स्वच्छ ड्रॉइंग जोडलं. खरवडलेल्या रेघेचं मी कुणालाच सांगितलं नाही.

तेरवीनंतर काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "खरं सांगजो, बाई. लोकं म्हणतेत त्याइनंच नीट पाह्यलं नाही. तू त्याइच्या हाताखाली शिकली. त्याइची चूक होती काय?"

"नाही, काकू. त्यांनी सगळं पाहिलं होतं."

"मंग कोणाची होती वं?"

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. त्यांना वाटलं, मी रडते आहे म्हणून बोलता येत नाही. त्यांनीच माझे डोळे पुसले.