एंटर दाबेपर्यंत उघडी

मन्या गेला हे सांगायला त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हाही माझं पहिलं वाक्य होतं, "खरं सांगून राह्यला का?" तो रडायलाच लागला. माझा स्वभावच मेला तसा. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघतो, आणि शाळेपासूनच्या मित्राच्या मरणाचीही खात्री करून घेतो. दीड महिना झाला त्याला.

सिंदीला स्टेशनच्या रस्त्यावर आमचा धरमकाटा. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी, आणि वजनाची चिठ्ठी हातात द्यायची. नव्वदच्या दशकात मन्याने त्यासाठी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून दिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. काट्यावरचा आकडा ओळीओळीने उमटायचा आणि गाडीवान दारातूनच तो वाचायचे. पुढे माउसवाला कॉम्प्युटर आला. मन्याने एक देखणी खिडकी बनवली, तिच्यात 'वजन घ्या' असं बटण. ते दाबलं की काळं काहीतरी चमकायचं, पापणी लवायच्या आत गायब व्हायचं, आणि खिडकीत आकडा हजर! माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काऊन रे, हे काळं काय येऊन जाते?"

"जुनाच प्रोग्राम हाये थो," मन्या म्हणाला. "बटण फक्त त्याले हाक मारते. वजन थोच घेते, खिडकी नुसती दाखवते."

"मंग पळते काऊन?"

"काम झालं, गेला. बसून काय करन?"

मला काही ते पटलं नाही. गाडीवानही विचारायला लागले, "मालक, मधात काय लपवून राह्यले?" काट्याचं नाव एकदा गेलं की गाडी तिथे पुन्हा वळत नाही. मग मी काय केलं? मन्याला न सांगता नागपूरहून एक जाणकार बोलावला. दिवसभर खुडबुड करून तो म्हणाला, सगळं चोख आहे. आणि नेमका तेव्हाच मन्या दारात उभा! चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर मीच होतो.

तो भांडला असता तर बरं झालं असतं हो. पण तो मुकाट्याने खुर्चीत बसला आणि त्याने दहा मिनिटांत काहीतरी बदललं. तेव्हापासून काळी खिडकी येऊन थांबायला लागली. सगळ्या ओळी दाखवायची आणि एंटर दाबल्याशिवाय हलायची नाही. "घे, पाह्य पोटभर," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

दरवर्षी दसऱ्याला काट्याच्या पूजेला मात्र तो यायचा. नारळ फोडायचा, पंख्याखाली बसायचा, आणि जाता जाता विचारायचा, "दिन्या, बंद करू का रे ते काळी खिडकी?"

"राहू दे ना. काय घाई हाये?" मी म्हणायचो.

खरं तर संशय केव्हाच गेला होता. पण कबूल कोण करणार? उलट, याला त्या खिडकीची एवढी काय पडली आहे, यातही काही डाव तर नसेल, असंही एकदा मनात आलं... लिहितानाही लाज वाटते.

परवा नवा कॉम्प्युटर बसवायला तोच नागपूरचा माणूस आला. मन्याची फाइल उघडून तो थबकला. "भाऊ, हे वाचा जरा." प्रोग्रामच्या ओळींमध्ये एक ओळ अशी होती, जी यंत्र वाचत नाही, फक्त माणसाने वाचायची असते. इंग्रजी अक्षरांत मन्याने मराठी लिहिलं होतं : दिन्यासाठी उघडी ठेवली. त्याचा भरवसा बसला की बंद करायची.

इतक्या दसऱ्यांना तो मला काय विचारत होता, ते तेव्हा कळलं.

"करू का बंद?" त्या माणसाने विचारलं.

"कर," मी म्हटलं.

आता बटण दाबलं की सरळ आकडा येतो. काळं काही दिसत नाही. तरी प्रत्येक गाडीला माझा हात एंटरकडे जातोच. दाबतो. काहीच होत नाही.