काठवाली हे नाव आधीच कुणीतरी घेतलं होतं

भूत, हडळ, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. पन्नास वर्षं तलावात उतरले, गाळात रुतले, साप पाहिले. भूत कधी दिसलं नाही. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तरी मला राग नाही. मी चौथी पास आहे. वहीत लिहिते आणि सून रेखा मोबाईलवर उतरवते.

साकोली तालुक्यात, सानगडीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, आम्हा ढिवरांची घरं आहेत. तलावाचं वाटोळं आम्हीच केलं. मच्छी सोसायटीच्या सभेत ठरलं की गवत्या मासा सोडायचा, तो लवकर वाढतो. हात वर करणाऱ्यांत मी पण होते. गवत्याचं कामच गवत खाणं. दोन वर्षांत त्यानं पाण्यातली सगळी वनस्पती साफ केली. चिऊल म्हणून एक असते, पानं पाण्यावर तरंगतात, बारीक पांढरी फुलं. तीही गेली. मरळ मासळी तिच्यातच अंडी घालायची. चिऊल गेली, मरळही गेली. मग आम्ही बायकांनी ठरवलं, गवत्या काढायचा आणि चिऊल परत लावायची. पण आणायची कुठून? आजूबाजूच्या तलावांत सगळ्यांनी तोच शहाणपणा केला होता.

याच वेळेस रेखा बहिणीकडे जवाहरनगरला गेली होती. बहीण क्वार्टरमागच्या परसबागेबद्दल कुठल्याशा ब्लॉगवर लिहिते. तिथं वाचणारे मत देतात आणि मतांवर टोकन मिळतात... म्हणजे क्रिप्टो, न दिसणारा पैसा. त्या ब्लॉगचा कुणी एक मालक नाही. लिहिलेलं कुणी पुसू शकत नाही. बारा शब्दांची एक चावी मिळते, ती हरवली तर दुसरी देणारं कुणी नाही. मी म्हटलं, सानगडीच्या बाजारालाही ठेकेदार असतो, हे कसं चालतं? रेखा म्हणाली, चालते. मला टोकन नको होते. लांबलांबचे लोक वाचतात म्हणाली, म्हणून मी तयार झाले. चिऊल कुणाकडे असली तर सांगेल तरी.

खातं उघडताना नाव मागितलं. मी सांगितलं, काठवाली टाक.

हे नाव आमच्या मालकांनी मला दिलेलं. त्यांच्या काळात नवरा बायकोचं नाव घेत नसे. डोंगा तलावात मधोमध असला आणि मी काठावर, की तिथून ते ओरडायचे, "काठवाली, टोपली आण." फक्त पाण्यावरून. घरात कधी नाही. ऐकणारे दोघे-तिघे होते, तेही आता नाहीत. मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली. मोबाईलला त्यांनी हातही लावला नव्हता.

रेखानं नाव टाकलं आणि थांबली.

"आत्याबाई, हे तं कोणीतरी घेतलं आहे."

"कोण घेईन? पाह्य नीट."

"दोन वर्षं झाले खातं उघडून. लिहिलं काहीच नाही. साड्यावाली असन एखादी, काठापदराच्या इकत असन."

मीही तेच धरलं. आम्ही काठवाली-दोन घेतलं. आयुष्यभर एक नंबरची होते, म्हातारपणी दोन नंबरची झाले. चावीचे बारा शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आणि वही तांदळाच्या कोठीत ठेवली.

पहिल्या लेखात मी सरळ लिहिलं. गवत्या कसा सोडला, हात मीही कसा वर केला, चिऊल कशी दिसते, कुणाकडे असली तर कळवा. वाचणारे आले. कुणी फोटो पाठवले, ते कमळाचे. कुणी शाब्बास म्हणाले. शाब्बासकी तलावात लावता येत नाही.

आठव्या दिवशी दुपारी मी जाळं शिवत होते. रेखा मोबाईल घेऊन आली. मी म्हटलं, वाच.

त्या काठवालीच्या खात्यावरून उत्तर आलं होतं. रेखानं वाचलं, "मांगची बोडी बुजली नाही. मोहाच्या बाजूनं उतर, चिऊल आहे. शिंगाड्याचे काटे आहेत, या खेपेले पाय जपजो."

मी जाळ्याची सुई खाली ठेवली आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मालक मला त्या मागच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, घेऊन गेले होते, जंगलाच्या कडेला, मोहाच्या झाडापाशी. मी घाईनं उतरले आणि शिंगाड्याचा काटा टाचेत मोडला. त्यांनी गळाच्या टोकानं तो काढला. सासूनं विचारलं तेव्हा पाय मुरगळला म्हणून सांगितलं, कारण नवी सून बोडीवर गेली हेच तिला चाललं नसतं. ही गोष्ट आम्हा दोघांपलीकडे गेली नव्हती. आणि ती बोडी तर बुजवून धानाच्या बांध्या केल्या, असं वीस वर्षांपासून ऐकत होते. म्हणून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

मी रेखाला तोंडावर विचारलं, "हे तूच केलं काय?"

ती रागावली. "मले कोणती बोडी माहीत आहे? आन् काटा कोणाले लागला होता?"

खरं होतं. मी तिला म्हटलं, उद्या सकाळी घमेली घेऊन चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेलो. निम्मी बोडी बुजली होती. मोहाच्या बाजूला पाणी होतं, आणि पाण्यावर चिऊल... पांढऱ्या फुलांची. मी मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण उतरताना आधी काठी टेकवली, मग पाय टाकला. काठीच्या टोकाला काटेरी शिंगाडा निघाला. दोन घमेली चिऊल आणली.

उन्हाळ्यात पाणी कमी झालं तेव्हा गवत्या ओढून काढला. सोसायटीतले पुरुष आधी हसले, मग जाळी धरायला आले. आम्ही बायकांनी गाळात चिऊल लावली. आणि यंदा श्रावणात पाळीवरून मला लाल लाल झुबका हलताना दिसला. मरळीची पिल्लं. खाली मरळ पहारा देत होती. रेखाला हाक मारली तर ती चूल तशीच सोडून पळत आली.

त्या खात्याला आम्ही तीनदा लिहिलं, तुम्ही कोण? उत्तर नाही. रेखाच्या बहिणीनं खूप शोधलं. त्या खात्यावरून त्या उत्तराशिवाय काही लिहिलेलं नाही. विचारायला कचेरी नाही, मालक नाही. मी पिल्लांचा फोटो टाकला तेव्हा पहिलं मत मात्र त्याच खात्यावरून पडलं. याचा अर्थ मला लागत नाही, लावून देणारंही कुणी भेटलं नाही.

सानगडीच्या बाजाराच्या दिवशी मालक पहाटेच पुढे जायचे आणि माझ्यासाठी पोतं अंथरून जागा धरायचे. मी टोपली घेऊन मागून सावकाश जायची. रेखा म्हणते, ते नाव कधी सुटलं तर आपण घेऊ. मी म्हटलं, राहू दे. धरलेली जागा कुठं जात नाही, आणि सध्या मला तलावावर काम आहे.